काचेवरच्या दोन टिचक्या

१

आमच्या गल्लीत छत्री बरोबर घ्यायची की नाही हे लोक आभाळाकडे बघून ठरवत नाहीत, माझ्या बायकोकडे बघून ठरवतात. ती काउंटरवर गप्पा मारत बसली असेल तर खुशाल चादरी वाळत घाला. तिचा डावा डोळा बारीक झाला, की समोरचा शिंपी हातातली टेप टाकून गच्चीवर पळतो. एकदा फुटबॉलचे सामने भरवणारी मंडळी विचारायला आली होती, रविवारी वहिनींचं डोकं कसं असेल म्हणून.

दुकान एकच, पण धंदे दोन. दारातून आत आलं की डाव्या हाताला माझं टेबल. ज्याला काटा आहे ते सगळं मी दुरुस्त करतो. घड्याळं, वजनकाटे, आणि हवेचा दाब सांगणारे बॅरोमीटर. उजव्या हाताला तिची फळ्यांची मांडणी. बिस्किटं, वेफर्स, साबण, मेणबत्त्या. मधून एक दार मागच्या खोलीत जातं, तिथे तिचा माल असतो. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो.

माझी गल्लीत थोडी ख्याती आहे, ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर शिंपी सांगेल. मी गोष्टी रंगवून सांगतो. दीपगृहातलं एक घड्याळ उलटं चालायला लागलं, ते मी दुरुस्त करेपर्यंत तिथला रखवालदार इतका लहान झाला की त्याला बाटलीने दूध पाजायला त्याच्या आईला बोलवावं लागलं, ही माझीच. शिंप्याला ती तोंडपाठ आहे.

पण हिच्या डोक्याबद्दल मी कधी थाप मारलेली नाही. तिला अर्धशिशी आहे. हवेचा दाब उतरायला लागला की आधी तिला साबणाचा वास सहन होत नाही. मग डाव्या डोळ्यासमोर चमकती नागमोडी रेघ येते. मग ती वर जाते, पडदे ओढते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी कपाळावर ओली पट्टी ठेवतो, बदलतो, पुन्हा ठेवतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वेळी तिने माझं मनगट धरलं की अजूनही मी पट्टी बदलायची विसरतो. शहाण्या माणसाने माझ्यावर टाकू नये इतका विश्वास त्या पकडीत असतो.

बरी झाली की मात्र तोंड सुरू.

"तुम्हाला कसं कधी दुखत नाही हो?"

"नशीब."

"नशीब कसलं. दुखायला आधी डोकं असावं लागतं."

२

एका सकाळी एक बाई कापडात गुंडाळलेला पितळी बॅरोमीटर घेऊन आल्या. जुना, जेवणाच्या ताटलीएवढा, सुंदर. माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी हात मागे घेतला, तापलेल्या भांड्यावरून घ्यावा तसा.

"काय त्रास आहे?"

"काटा उतरतो. हवा चांगली असली तरी उतरतो."

आता हे माझं रोजचं. बॅरोमीटरचा काटा आळशी असतो, एका जागी चिकटतो. म्हणून वाचण्याआधी काचेवर टिचकी मारायची असते. पहिली टिचकी काटा सुटायला. मग तो डुलायचा थांबेपर्यंत थांबायचं. मग दुसरी, तो आता कुठे चालला आहे हे बघायला. दोन टिचक्या आणि मधला तो थांबा. हे माझ्या बोटात इतकं भिनलंय की मी दूधवाल्याच्या किटलीवरही तसंच वाजवतो.

"टिचकी मारून बघता ना?" मी विचारलं.

बाईंनी कापडाची घडी घातली.

"आम्ही नाही मारत," म्हणाल्या आणि गेल्या.

मी तो उघडला, साफ केला, माझ्या टेबलावरच्या बॅरोमीटरशी ताडून पाहिला. दोष काही सापडला नाही. दोन्ही काटे अगदी जुळ्या भावांसारखे. बाई घ्यायला येतील तेव्हा येतील म्हणून मी तो मागच्या खोलीत, फळ्यांच्या शेवटी खिळ्याला अडकवला.

त्याच आठवड्यात हिचं डोकं चुकायला लागलं.

आभाळ स्वच्छ, ऊन कडक, माझ्या टेबलावरचा काटा ढिम्म. आणि ही डावा डोळा मिटून काउंटरला धरून उभी. शिंप्याने चादरी काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. शेवटी येऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर भरवसा ठेवून माझं एक गिऱ्हाईक ओल्या पँटीत घरी गेलं असतं. हल्ली तुमचं हवामान खातं बिघडलंय."

तिला हसू आलं नाही.

डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दाब बदलला की काहींचं दुखतं, काहींचं नाही. अगदी खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. झोप, उपास, काळजी, यांनीही उठतं." मग माझ्याकडे बघून, "घरात काही काळजी?"

"हेच," ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी रोज घ्यायची एक नवी गोळी लिहून दिली. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी ही थांबली. मग म्हणाली, "अहो, बाहेरच्या हवेने दुखत नाहीये. मागच्या खोलीतल्या हवेने दुखतंय."

"खोलीला वेगळी हवा कशी असेल? दार उघडं असतं."

"ते मला काय माहीत. मी आत गेले की सुरू होतं. आणि तिथली पाकिटं फुगलीयत."

३

तिचं समाधान करावं म्हणून मी माझा टेबलावरचा बॅरोमीटर उचलून मागच्या खोलीत नेला. मन साफ होतं. काटा हलणार नाही, मी तिला दाखवणार, दोघं चहा पिणार, असा बेत होता.

उंबरा ओलांडताना कानात हलकं फट् झालं, घाट चढताना होतं तसं. मी काचेवर टिचकी मारली. थांबलो. दुसरी मारली. काटा उतरला.

बाहेर आलो. काटा चढला.

पुन्हा आत. पुन्हा उतरला. शेवटच्या भिंतीवरचा तो पितळी बॅरोमीटरही तेवढाच उतरलेला. म्हणजे दोन यंत्रं एकच गोष्ट सांगत होती, आणि दोन यंत्रं एकाच वेळी खोटं बोलत नाहीत. ते काम माणसांचं.

मी कारणं शोधायला बसलो. उष्णता. खिडकीचा पंखा आतली हवा बाहेर ओढतोय. पण तो पंखा बंद पडूनच जमाना झाला होता. जमीन उंच आहे. पण खोलीची जमीन दुकानापेक्षा एक पायरी खालीच आहे. मग मी कागदाची एक पट्टी फाडून दारात धरली. ती खोलीच्या दिशेने झुकली आणि तशीच राहिली. कुणीतरी आत खूप मोठा श्वास घेतोय आणि सोडतच नाहीये, तशी.

फळ्यांवर वेफर्सची पाकिटं टम्म होती, घाटावर हवेचा दाब कमी झाला की होतात तशी. सगळी नाही. मधली चार-पाचच. त्यांच्या अलीकडची आणि पलीकडची अगदी नेहमीसारखी.

संध्याकाळी मी हे शिंप्याला सांगितलं. त्याने दोरा दातांनी तोडत शेवटपर्यंत ऐकलं.

"बरी आहे," म्हणाला. "पण रखवालदाराची जास्त चांगली होती."

४

नवी गोळी लागू पडली. काय सांगू, घरात उजेड आला. ही पुन्हा जोरात बोलायला लागली, पडदे उघडे राहायला लागले. ऊन असताना ती डोळे पूर्ण उघडे ठेवून रस्त्याकडे बघायची आणि मला उगाच वाटायचं, हे आपणच केलं. मागच्या खोलीची भीतीही गेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती आत जाऊन माल लावत बसायची, गुणगुणत. पूर्वी दुखायला लागलं की ती खोली सोडून वर जायची. आता जायचं कारणच उरलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. दाबाचं कोडं सुटलं नव्हतं, पण कोडी मला बारा महिने पुरतात, बायको एकच आहे.

अशाच एका दुपारी मी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात घुसलो होतो. मागच्या खोलीतून आवाज आला. टक्. मग थांबा. मग टक्.

"अगं, गिऱ्हाइकाची काच आहे ती," मी मान न वळवता म्हणालो. "वाजवू नकोस उगाच."

थोड्या वेळाने पुन्हा. टक्. टक्.

"ऐकतेस ना? काय बघायचं ते एकदा बघ."

"कुणाला सांगताय?"

माझ्या खांद्याशी कप ठेवला गेला. ती वरून चहा करून आणत होती. भिंग माझ्या डोळ्यावरून कपात पडलं.

मग मी बऱ्याच गोष्टी स्वतःला सांगितल्या. खिळा सैल असेल. पितळ उन्हाने प्रसरण पावतं. उंदीर असेल. उंदराचं मला पटतही आलं होतं. पण मधला थांबा उंदराचा नव्हता. काटा डुलायचा थांबेपर्यंत वाट बघावी लागते, तो थांबा होता. तो मला झोपेतही ओळखू येईल. तसं वाजवणाऱ्याला काटा बघायचा असतो.

"उंदीर झालेत," मी तिला म्हणालो.

"पिंजरा आणा मग," ती म्हणाली आणि कपातलं भिंग चमच्याने काढून दिलं.

पिंजरा आणायला मी गेलो नाही. त्यात काय अडकेल असं मला वाटत होतं, हे माझं मलाही नीट सांगता आलं नसतं.

५

दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी, मी टेबलाशी बसलो होतो आणि एकदम माझे दोन्ही कान बसले. रस्त्यावरचा आवाज लांब गेला. मागच्या खोलीचं दार, जे मी विटेने उघडं अडवलेलं असतं, विटेसकट हळूच आत सरकायला लागलं.

मी उठलो. दार ढकलायला लागलंच नाही, उलट आवरून धरावं लागलं.

ही स्टुलावर उभी होती, माझ्याकडे पाठ करून, वरच्या फळीवर बिस्किटं लावत. खिडकी बंद. हवा अगदी स्थिर. पलीकडच्या टोकाला पितळी बॅरोमीटर.

मी आधी काटा पाहिला. तो इतका उतरला होता की तिथे आकडेही नव्हते.

मग पाकिटं पाहिली. शेवटच्या भिंतीजवळचं एक पाकीट सावकाश फुगलं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. पुढचं फुगलं की मागचं बसत होतं. कुणी फळीला लागून चालत यावं, आणि जिथे तो असेल तेवढीच पाकिटं टम्म व्हावीत, तसं. मध्ये ते थांबलं. साबणांच्या रांगेत फुगण्यासारखं काही नसतं, त्यामुळे काही क्षण मला ते कुठे आहे हे कळेना. मग अलीकडची वेफर्स फुगली. ते चालत होतं ते स्टुलाकडे.

"अहो, आलात का?" ती मागे न बघता म्हणाली. "आज किती छान वाटतंय. डोकं इतकं हलकं कधी झालं नव्हतं. पिसासारखं."

तिच्या मानेवरचे बारीक केस वर उचलले गेले होते. वारा नव्हता. ते बाजूला, त्या फुगलेल्या पाकिटांच्या दिशेने उभे होते.

आयुष्यभर मी थापा मारल्या त्या सगळ्या या एका क्षणासाठीचा सराव होता असं मला आता वाटतं. ओरडलो असतो तर ती वळली असती, आणि वळून तिने समोर काय पाहिलं असतं ते मला माहीत नाही. मी अगदी साध्या आवाजात म्हणालो,

"अगं, तुझा भाऊ आलाय बाहेर."

तिचा भाऊ बोटीवर असतो. वर्षातून एकदा उगवतो, तोही न कळवता. ती स्टुलावरून जवळजवळ उडीच मारून उतरली, ओढणीला हात पुसत माझ्या बाजूने बाहेर पळाली. मी दार ओढलं. दोन्ही हातांनी, पाय चौकटीला लावून ओढावं लागलं.

मिटता मिटता फटीतून दिसलं. ती उभी होती तिथली सगळी पाकिटं एकदम फुटली. स्टूल थोडं कललं, कुणी त्यावर चढताना कलतं तसं. बाकी काही दिसलं नाही. दिसण्यासारखं होतं की नाही, तेही सांगता येणार नाही.

"कुठाय?" ती रस्त्यावरून परत आली, चेहरा पडलेला. "हे काय वागणं हो? या बाबतीत तरी थट्टा करू नका."

मग तिने माझा चेहरा पाहिला. दाराआडून आम्ही दोघांनी ऐकलं. टक्. थांबा. टक्.

६

तिला मी सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला. गल्लीत तेवढी एकच.

"म्हणजे माझं दुखणं मला तिथून हाकलत होतं," ती म्हणाली. "मी आजपासून गोळी बंद करते."

"नाही."

"मग कळणार कसं?"

"तू गोळी घे. लक्ष मी ठेवतो. तुझ्या वाट्याचं मी बघतो."

"तुम्ही? दुखायला आधी..."

"माहीत आहे काय असावं लागतं ते."

तिने पट्टीसाठी धरते तसं माझं मनगट धरलं आणि गोळी घेतली. तिला पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली बघायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

खोली बंद करायची असं ठरलं. भर सकाळी, दुकानात चार गिऱ्हाइकं असताना मी आत गेलो. हवा साधी होती, काटा जागेवर. तिचा उरलेला माल मी बाहेर आणला आणि सर्वांत शेवटी तो पितळी बॅरोमीटर. परक्याची वस्तू, महागाची, बाई कधीही घ्यायला येतील. ती बंद खोलीत कुजायला ठेवायची हे माझ्या धंद्यात बसत नाही. मी तो माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावला. खोलीला कुलूप घातलं, फटींना पट्ट्या चिकटवल्या आणि हात झटकले.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. शिंप्याने चादरींसाठी माझ्या टेबलावरच्या काट्याशी संधान बांधलं आणि कुरकुरला, की हा काटा वहिनींसारखा हसत नाही.

मग परवा दुपारी मला साबणाचा वास आला.

दुकानात साबण वर्षानुवर्षं आहेत, मला त्यांचा वास कधी जाणवला नव्हता. आता तो नाकातून थेट डोळ्यामागे गेला. मी हातातला चिमटा खाली ठेवला. डाव्या डोळ्यासमोर एक चमकती नागमोडी रेघ आली आणि तिच्या मागोमाग दुखणं. मला वाटलं कुणी आतून खुंटी ठोकतंय. इतकी वर्षं मी पट्टी ठेवत होतो ती यावर. मी किती थोडं समजलो होतो.

ती काउंटरवर शाळेतल्या एका बाईंशी गप्पा मारत होती. डोळे पूर्ण उघडे, मोकळं हसणं. तिला काही होत नव्हतं. गोळी काम करत होती.

मी टेबलावरच्या बॅरोमीटरला टिचकी मारली. थांबलो. दुसरी मारली. काटा उतरला.

मागच्या खोलीचं कुलूप जागेवर होतं, पट्ट्या शाबूत होत्या. पण उजव्या हाताच्या मांडणीत, माझ्याकडच्या टोकाचं वेफर्सचं एक पाकीट फुगत होतं.

"अगं," मी म्हणालो, "तुझा भाऊ आलाय बाहेर."

तिने माझ्याकडे पाहिलं. "चला बाई, माझ्या भावाला भेटवते," म्हणत तिने त्या शिक्षिकेचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या. मी मागोमाग. निघताना, इतक्या वर्षांची सवय, माझा हात भिंतीकडे गेला. दुकानाला आग लागली तर आधी गिऱ्हाइकाची वस्तू उचलायची, हे माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी तो पितळी बॅरोमीटर काढून छातीशी धरला.

आम्ही रस्ता ओलांडून शिंप्याच्या दारात उभे राहिलो. ऊन होतं, सायकली जात होत्या. शिक्षिका भाऊ शोधत होती.

"काय झालं घड्याळजी?" शिंपी म्हणाला. "चेहरा का असा?"

"डोकं दुखतंय."

"आता तुमचंही? चादरी काढू का?"

ही जवळ आली. तिने तळहात माझ्या कपाळावर ठेवला. दुकानाच्या काचेतून आतली मांडणी दिसत होती. पाकिटं सगळी नेहमीसारखी, एकही फुगलेलं नाही.

"खूप दुखतंय?" तिने विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या हातात काच हलली. टक्. बोटांखाली अगदी स्पष्ट. मग थांबा. मला माहीत असलेला थांबा. मग टक्.

"नाही," मी म्हणालो, आणि तेही खरं होतं. "गेलं एकदम. किती हलकं वाटतंय गं."

तिचा हात माझ्या कपाळावर तसाच राहिला. तिने माझ्या मानेमागे काहीतरी पाहिलं, की मानेवरचे केसच पाहिले, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही. मग ती अगदी साध्या, रोजच्या आवाजात बोलली. माझ्याहून छान थाप मारते, हे मला त्या दिवशी कळलं.

"अहो, ते खाली ठेवा आणि चला. चौकात माझा भाऊ आलाय."